वाळूऐवजी क्रश सँड : जुळे सोलापुरातील आमच्या घराचा स्लॅब

भीमेच्या वाळूचा भाव आणि ती रात्री पावतीविना उतरवून देण्याची एकाने दाखवलेली तयारी, ही दोन्ही ऐकल्यावर घराच्या काँक्रीटसाठी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरायचे मी ठरवले. आपल्याकडे काळ्या दगडाला तोटा नाही, तेव्हा अडचण येणार नाही, असा माझा समज होता.

पहिली ब्रास (शंभर घनफूट) आली ती प्रत्यक्षात कच होती, म्हणजे खडी फोडताना खाली पडणारा चुरा. मूठ उघडली की तळहातावर राखाडी पिठाचा थर राहायचा. प्लिंथच्या (जोत्याच्या) पीसीसीला, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटला, ती वापरताना मिस्त्री घमेल्यामागून घमेले पाणी ओतत राहिले आणि शेवटी म्हणाले, "साहेब, ह्याला पाणी लई लागतंय." दोष त्यांचा नव्हता, भुकटी जितकी जास्त तितके पाणी जास्त लागते, आणि पाणी वाढले की ताकद घटते.

मग आमच्या इंजिनिअरांनी दोन क्रशरवरचे नमुने प्रयोगशाळेत चाळायला दिले. काँक्रीटच्या वाळू-खडीचे भारतीय मानक आयएस ३८३ याप्रमाणे दगड फोडून केलेल्या वाळूत १५० मायक्रॉनच्या चाळणीतून २० टक्क्यांपर्यंत माल गेलेला चालतो. कच त्यापुढे गेली होती, तर व्हीएसआय, म्हणजे दगड वेगाने आपटवून फोडणाऱ्या यंत्रावर दाणा घडवून, धुऊन दिलेली वाळू मर्यादेत बसली. ती ब्रासमागे महाग पडली, तरी तीच घेतली. मधल्या काळात एका नातेवाइकांनी फताटेवाडीच्या वीज प्रकल्पातील राख वाळूऐवजी टाकण्याचे सुचवले होते, परंतु उडती राख सिमेंटच्या काही भागाची जागा घेते, वाळूची नव्हे, हे त्यांना पटवताना माझा एक रविवार गेला.

स्लॅबच्या एम २० (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीच्या) काँक्रीटसाठी वाळूतला ओलावा धरून ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी ठरले आणि ओतणे सोपे व्हावे म्हणून प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट प्रवाही करणारे रसायन, घातले. पाण्यासाठी मोजून खूण केलेली बादली ठेवली व तिच्याजवळ मी स्वतः उभा राहिलो, कारण उन्हात काम करणाऱ्या माणसाला पाण्याचा मोह आवरत नाही. त्याच दिवशी त्याच काँक्रीटचे भरलेले १५० मिलिमीटरचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून पाहिले, ते पास झाले.

प्लास्टरसाठी मात्र मिस्त्री अजून नदीच्याच वाळूवर अडून आहेत. प्लास्टरची क्रश सँड वेगळी, अधिक बारीक येते. तिची एक गोणी आणून मागच्या भिंतीवर हातभर पट्टा मारून पाहायला ते तयार झाले आहेत.