शाळा न पाहिलेल्यांची परीक्षा

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘तुमच्या यशाबद्दल लिहा’ असं पत्र आलं. यशाचं राहू दे, कामाबद्दल लिहिते.

मी १९६६ च्या अकरावीची. पुण्यात एमबीबीएस केलं आणि १९७५ साली इंग्लंडला गेले. शिरायचं होतं हृदयरोगात, जागा मिळाली जेरियाट्रिक्समध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. तिथल्या डॉक्टरांना ही शाखा नको असायची, म्हणून भारत, पाकिस्तान, श्रीलंकेतून आलेल्या आमच्यासारख्यांना तिचं दार उघडं. वॉर्डही बरेचदा जुन्या वर्कहाउसमधले. एके काळी निराधारांना जिथे ठेवत त्या इमारतींतले.

पण ही शाखा जन्मली अशाच वॉर्डांतून. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन या डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला अंथरुणाला खिळलेले शेकडो रुग्ण आले. त्यांनी एकेकाला नीट तपासलं, उठवलं, चालायला लावलं. ‘आता काय व्हायचंय’ म्हणून सोडून दिलेले कितीतरी जण घरी गेले. हे वाचलं आणि माझं हृदयरोगाचं खूळ उतरलं. पुढची सगळी वर्षं, वॉर्ड आणि विद्यापीठ दोन्हीकडे, याच विषयात गेली.

आपल्या शास्त्राच्या सरांचा दंडक माझ्या पिढीला आठवत असेल: प्रयोगवहीत निरीक्षणाआधी अनुमान लिहिलेलं दिसलं की पान फाडायचं. म्हाताऱ्यांच्या बाबतीत डॉक्टरमंडळी नेमकं तेच करतात. पडला? वय झालं. विसरतो? वय झालं. सर असते तर बऱ्याच केसपेपरांचे तुकडे झाले असते.

माझा विषय होता स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या चाचण्या. जगभर वापरली जाणारी ३० गुणांची चाचणी १९७५ सालची, अमेरिकेतली. शंभरातून सात वजा करत जा, कागदावरचं ‘डोळे मिटा’ वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढा. आता यात स्मरणशक्ती किती आणि शाळा किती? माझ्या आजीला सही येत नव्हती, पण दहा घरच्या रतिबाचा महिन्याचा हिशेब तिच्या तोंडावर असायचा. या परीक्षेत ती नापास झाली असती आणि वर डिमेन्शियाचा शेरा मिळाला असता. बर्मिंगहॅमच्या वॉर्डात पंजाबी, गुजराती आज्या यायच्या, तेव्हा मला हीच धास्ती असे. शाळेची वर्षं वेगळी काढून गुणांकडे पाहायचं, एवढ्याच गोष्टीवर मी निम्मी कारकीर्द घालवली असं म्हणा ना.

याचं उत्तम उत्तर मात्र हरियाणातून आलं. बल्लभगढच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदी चाचणी बांधली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. शंभरातून सातऐवजी विसातून तीन. वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’. वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा’. सोपं वाटतं, पण प्रत्येक बदल गावोगाव तपासून घ्यावा लागतो. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेने ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. तिला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात हीच चाचणी वापरली गेली. मला स्वतःच्या कुठल्याही निबंधापेक्षा याचा आनंद जास्त झाला.

एक गोष्ट मात्र चाचणी होईपर्यंत थांबत नाही. आजोबा कालपर्यंत ठीक होते आणि आज बरळतायत, किंवा नुसते गुंगीत पडून आहेत, तर तो स्मृतिभ्रंश धरू नका. तो बहुधा डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ असतो. मागे जंतुसंसर्ग, एखादं औषध, लघवी तुंबणं, शरीरातलं पाणी कमी होणं, असं काहीतरी सापडतं. गप्प पडलेला रुग्ण त्रास देत नाही, म्हणून तोच सर्वांत जास्त निसटतो. हे टाळताही येतं. अमेरिकेत शॅरन इनूये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठ चोळणं, रोज चालवणं, पुरेसं पाणी, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी, एवढ्यावर डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं.

आपल्याकडे मात्र दाखल करताना ‘हरवेल’ म्हणून चष्मा आणि कानाचं यंत्र घरीच काढून ठेवतात. कृपया बरोबर न्या. आणि गोंधळ कधीपासून आहे, कालपासून की वर्षभरापासून, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.