चौथ्या दिवसाचा रिपोर्ट

बुधवार हा आमच्या डे-केअरचा केमोचा दिवस. जिंतूर, गेवराई, धारूरकडची लेकरं पहाटेची एसटी धरून येतात आणि नऊच्या आत सगळ्या खाटा भरतात. दसऱ्यानंतरच्या एका बुधवारी सात वर्षांच्या मुलीच्या फाइलवर लाल पेनने ठळक लिहिलेलं दिसलं: एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूची खूण. मुलीला एएलएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आणि उपचारांचा पाचवा महिना. जूनमध्ये दाखल झाली तेव्हा हीच तपासणी निगेटिव्ह होती. पोर्ट, म्हणजे केमो देण्यासाठी त्वचेखाली ठेवतात ती छोटी डबी, बसवायचा म्हणून मंगळवारी पुन्हा रक्त पाठवलं, त्याचं हे उत्तर.

केमो थांबवायची आणि खाट वेगळी करायची, इथवर बोलणं गेलं होतं. आई दारातच उभी. "सिस्टर, लेकराला पांढरी कावीळ झाली म्हनत्यात. गावाकडं माळ घालून उतरवत्यात, घेऊन जाऊ का?" मला रिपोर्टपेक्षा या प्रश्नाची जास्त धास्ती वाटली. मेथोट्रेक्सेट आणि ६-एमपी ही केमोची औषधं चालू असलेल्या लेकराच्या यकृतावर आधीच ताण असतो. त्यात माळेबरोबर झाडपाल्याचं औषध पोटात गेलं आणि तीन आठवडे केमो चुकली, तर ते नुकसान भरून काढणं फार अवघड असतं. "ताई, आज कुठं जाऊ नका, आधी एक गोष्ट बघू द्या," म्हणून मी लसीचं रजिस्टर उघडलं.

हिपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस तिला आदल्या शुक्रवारी दिला होता, १ मिली, २० मायक्रोग्रॅम. मंगळवारी रक्त काढलं, म्हणजे लसीचा चौथा दिवस. रिपोर्टवरचा आकडा १.३, आणि १ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. अगदी काठावरचा.

या लसीत जिवंत किंवा मेलेला विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करून घातलेलं असतं, आणि ते प्रथिन म्हणजेच एचबीएसएजी. टोचल्यावर ते काही दिवस रक्तात फिरतं, तपासणी त्यालाच पकडते. दोन-अडीच आठवड्यांपर्यंत असा खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून लसीनंतर किमान तीन, शक्यतो चार आठवडे एचबीएसएजी पाठवू नये, आणि पाठवावंच लागलं तर मागणीच्या फॉर्मवर लसीची तारीख लिहावी. आमच्या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. लॅबची यात काही चूक नव्हती.

पण लसीमुळेच आहे असं म्हणून सोडूनही देता येत नव्हतं. या मुलीला चार महिन्यांत रक्ताच्या ६ आणि प्लेटलेटच्या ११ पिशव्या लागल्या होत्या. प्रत्येक पिशवीची एचबीएसएजी तपासणी होते. तरी रक्तदाता संसर्गाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत असला तर ती पिशवी तपासणीतून निसटू शकते. संसर्ग दिसायला ३० ते १८० दिवस लागतात, त्यामुळे जुलैतल्या पिशवीचा परिणाम ऑक्टोबरात दिसणं अशक्य नव्हतं. त्याच दिवशी नवं रक्त काढून तीन तपासण्या पाठवल्या: एचबीव्ही डीएनए (खुद्द विषाणूचा डीएनए), टोटल अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं) आणि एएलटी (यकृताला इजा झाली का, ते सांगणारी). लसीत विषाणूचा गाभा नसतो, म्हणून लसीने अँटी-एचबीसी कधीच पॉझिटिव्ह होत नाही. मात्र खऱ्या संसर्गातही सुरुवातीला ती निगेटिव्ह असू शकते, म्हणून निवाडा डीएनएवरच.

एएलटी दुपारीच आली, ४४, केमो थांबवण्याइतकी नाही. वरिष्ठ डॉक्टरांनी केमो द्यायची ठरवली, पोर्ट तेवढा पुढे ढकलला. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध ठरल्या वेळी गेलं. डीएनए पॉझिटिव्ह आला असता तरी केमो कायमची बंद झाली नसती. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करून पुढे जाता येतं आणि राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात. आईला हेही तेव्हाच सांगितलं.

रजिस्टर चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. लस पाचव्या महिन्यात का सुरू झाली? घरचे ऊसतोडीला जाणारे, मूल तान्हं असताना सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत गेलेले. लसीकरणाचं कार्ड हरवलेलं, पेंटाव्हॅलंटचे (बाळांच्या या लसीत हिपॅटायटिस बीचीही लस असते) डोस किती झाले कुणालाच आठवत नव्हतं. जूनमध्ये हिमोग्लोबिन ४.२, हिरड्यांतून रक्त. घाईत आधी पिशव्या लागल्या आणि तपासणीचं रक्त दोन दिवसांनी निघालं. अँटी-एचबीएस, म्हणजे हिपॅटायटिस बीपासून वाचवणारी प्रतिपिंडं, आलं ३८. १० च्या वर म्हणजे संरक्षण आहे, असं समजून लस बाजूला राहिली. ते ३८ तिचं नव्हतंच, प्लेटलेटच्या प्लाझ्मातून आलेली रक्तदात्यांची प्रतिपिंडं होती. ती साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात. ऑक्टोबरात पुन्हा पाहिलं तेव्हा २ पेक्षा कमी. पहिली पिशवी लावण्याआधी ३ मिलीची एक नळी भरून ठेवली असती तर हे सगळं टळलं असतं. कितीही घाई असो, त्या नळीला अर्धं मिनिटही लागत नाही.

लस टोचण्याबद्दल थोडं. केमो चालू असलेल्या मुलाचं शरीर लसीला फार कमी प्रतिसाद देतं, म्हणून वयाच्या नेहमीच्या १० ऐवजी २० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. दंडात द्यायची, कमरेत कधीच नाही. चरबीत गेलेली लस वाया जाते. प्लेटलेट ५०,००० च्या वर असताना, २३ किंवा २५ गेजच्या सुईने. मग २ मिनिटं घट्ट दाबायचं, चोळायचं नाही. कुपी आधी हलवून उजेडात धरायची. दुधट, एकसारखी दिसली तर ठीक. बुडाशी कण बसत असतील तर ती कधीतरी गोठली आहे, फेकून द्यायची. वॉर्डातल्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकलेल्या कुप्या अशाच खराब होतात, आणि नंतर आपण मुलाच्या शरीराला दोष देत बसतो. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पाहायचं, आणि केमो संपल्यावर पुन्हा, कारण केमोत मिळालेलं संरक्षण टिकेलच असं नाही.

सोमवारी डीएनए आला: आढळला नाही. अँटी-एचबीसी निगेटिव्ह. लसीच्या २६व्या दिवशी पुन्हा केलेला एचबीएसएजीही निगेटिव्ह. लाल अक्षरांवर रेघ मारून शेजारी तारखेसह कारण लिहिलं आणि वरिष्ठ डॉक्टरांची सही घेतली. नाहीतर पुढच्या दवाखान्यात तीच लाल अक्षरं तिला पुन्हा आडवी आली असती. फॉर्मवर आता दोन रकाने आहेत: शेवटच्या लसीची तारीख, शेवटच्या पिशवीची तारीख.

वडील तोवर मुकादमाबरोबर तोडीला निघून गेले होते, आई लेकरापाशी थांबली. दुसरा डोस केमोच्याच दिवशी दिला, म्हणजे वेगळी फेरी नको. कापूस आईनेच दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनदा फिरेपर्यंत हात हलवला नाही.