हात धुतले, पण फोनचं काय?

कोरोनाच्या साथीच्या काळात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेली गोष्ट म्हणजे हात धुवा, साबणाने धुवा, वीस सेकंद धुवा. आणि लोकांनी ते अगदी मनापासून केलं. पण मी बघायचे, बाहेरून आलेला माणूस दारातच सॅनिटायझर लावतो, आत जाऊन परत साबणाने हात धुतो, नीट पुसतो आणि दुसऱ्याच मिनिटाला खिशातून फोन काढून मेसेज बघायला लागतो. म्हणजे तोच फोन जो बाहेर असताना न धुतलेल्या हाताने धरला होता, काउंटरवर ठेवला होता, कुणाला तरी फोटो बघायला दिला होता, आणि तो बोलताना गालाला आणि तोंडाला चिकटलेला असतो ते वेगळंच. मग ते वीस सेकंद गेले कुठे?

म्हणून मी घरात सगळ्यांना एकच सांगत आले, फोन ही वेगळी वस्तू धरू नका, तो हातच आहे असं समजा. हात धुवायची वेळ येते तेव्हा फोन पुसायचीही वेळ आलेली असते, आणि जिथे तुम्ही हात टेकवणार नाही तिथे फोनही टेकवायचा नाही.

हे काही महामारीमुळे नव्याने कळलेलं नाही. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १२ शहरांतले लोकांचे फोन आणि हात तपासले होते, त्यात साधारण दर सहा फोनमागे एका फोनवर ई. कोलाय सापडला, म्हणजे शौचातून येणारा जंतू. आता तो फोनवर आला कुठून हे सांगायला नको, बाथरूममध्ये फोन नेणं बंद करा एवढंच म्हणते. आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं तेव्हा ते तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावत होते, त्यातले जवळपास निम्मे स्पर्श डोळे, नाक, तोंड यांना. म्हणजे फोनवरून बोटावर आणि बोटावरून नाकात, रस्ता फार लांबचा नाहीये.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, कारण २०२० मध्ये आपण सगळेच पृष्ठभागांना जरा जास्तच घाबरलो होतो. तेव्हा बातमी आली होती की कोरोनाचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडतो, मग ऑस्ट्रेलियातून आलं की काचेवर, म्हणजे फोनच्या स्क्रीनसारख्या पृष्ठभागावर, २८ दिवस टिकतो, आणि लोक हादरले. पण तो प्रयोग २० अंश तापमानाला आणि पूर्ण अंधारात केलेला होता, तापमान वाढवल्यावर तो खूपच कमी टिकला, शिवाय आपला फोन काही महिनाभर अंधारात पडून नसतो. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून हा आजार होण्याची शक्यता दर स्पर्शाला साधारण १०,००० मध्ये एकापेक्षाही कमी आहे. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. त्यामुळे मास्क, उघड्या खिडक्या, आजारी असाल तर घरी थांबणं हे आधी, फोन पुसणं त्यानंतर. फोन चकचकीत करून बंद खोलीत बिनामास्क गर्दी करून बसलात तर काही उपयोग नाही. मग फोन पुसायचाच कशाला असं कुणी विचारेल, तर जुलाब-उलट्यांचे जंतू, डोळे येणं, हे हाताच्या वाटेने छान पसरतात आणि घरात एक आजारी असताना दुसऱ्याने पोट बिघडून पडणं कुणालाच परवडत नाही.

आता पुसायचं कसं, कारण इथे लोक फोनची वाट लावतात. आधी फोन बंद करा, चार्जिंगवरून काढा, कव्हर काढा. कव्हर साधं प्लास्टिक किंवा सिलिकॉनचं असेल तर सरळ साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत चढवा, चामड्याचं असेल तर धुवू नका. मग मऊ, धागे न सुटणारं कापड घ्या, चष्मा पुसायचं चालतं, त्यावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापड ओलसर झालं पाहिजे पण थेंब गळता कामा नये. फोनवर थेट फवारा मारायचा नाही कारण ते स्पीकरच्या जाळीतून आणि चार्जिंगच्या भोकातून आत जातं. अॅपलसुद्धा सुरुवातीला असल्या द्रावणांना नकोच म्हणायची, मार्च २०२० मध्ये त्यांनी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वाइप्स चालतील असं सांगितलं, ब्लीच मात्र नाही म्हणजे नाही.

बरेच जण विचारतात ७० च का, ९९ टक्केवालं जास्त स्ट्राँग ना? नाही. त्यात जे पाणी असतं त्याच्यामुळेच जंतूची प्रथिनं नीट मोडतात, आणि अल्कोहोल जरा उशिरा उडतं त्यामुळे त्याला काम करायला वेळ मिळतो, ९९ वालं लावता लावता उडून जातं. म्हणूनच पुसल्या पुसल्या लगेच कोरड्या कापडाने घासायची घाई करू नका, स्वतःहून वाळू द्या. हातावरचं जेल मात्र फोनला लावू नका, त्यात ग्लिसरीन, सुगंध असलं काय काय असतं, चिकट थर राहतो आणि त्यावर अजून घाण बसते.

आणि दिवसातून दहा वेळा घासायचीही गरज नाही. स्क्रीनवर तेलकट ठसे बसू नयेत म्हणून कंपनीने एक अगदी पातळ लेप दिलेला असतो, तो सततच्या घासण्याने झिजतो. माझं मत विचाराल तर वर टेम्पर्ड ग्लास लावून टाका, झिजायचं ते त्याचं झिजेल, खराब झाला की बदलता येतो. घरात असाल तर दिवसातून एकदा, आणि बाहेरून आल्यावर एकदा, एवढं पुरे.

फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून नळाखाली धरणारेही मी पाहिलेत. आयपी ६७ हा पाण्यापासून बचावाचा दर्जा म्हणजे साध्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास, ती चाचणी नव्या फोनवर होते, साबणाच्या पाण्यात नाही, आणि आतली सील वापराने सैल पडत जाते. अतिनील (यूव्ही) किरणांनी जंतू मारणाऱ्या डब्यांचंही सांगते, ते किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात, कव्हरच्या कडेला सावली पडली की तिथलं तसंच राहतं. आणि हातात धरायचा यूव्ही-सीचा दिवा तर घरात आणूच नका, डोळ्यांना आणि कातडीला भाजतं. अल्कोहोल पेट घेतं हेही लक्षात असू द्या, गॅसजवळ बसून फोन पुसायचा नाही.

पण अल्कोहोल सगळ्यावर चालतं असंही नाही. कोरोना, फ्लू यांच्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने आणि साबणाने फुटतं. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस बिनआवरणाचा असतो, त्याच्यावर अल्कोहोल फारसं चालत नाही, तिथे हात साबण-पाण्यानेच धुवायचे आणि फोन नीट चोळून पुसायचा म्हणजे निदान घाण निघून जाते.

सगळ्यात जास्त चीड मला कशाची यायची तर मास्क खाली ओढून चेहऱ्याने फोन उघडायची. गर्दीत रांगेत उभं राहायचं, पैसे द्यायची वेळ आली की मास्क हनुवटीवर, आणि तोही न धुतलेल्या बोटाने. पुढे २०२२ मध्ये आयफोनला मास्कसकट चेहरा ओळखता यायला लागला, पण तोपर्यंत दोन वर्षं गेली, आणि सगळ्यांकडे ते फोन नसतात. साधा पिन ठेवा की. कुणाला फोटो दाखवायचाय तर पाठवून द्या, फोन हातात देऊ नका. बोलायला स्वतःचे इअरफोन लावा म्हणजे फोन तोंडाला लागत नाही.

घरात कुणी आजारी असेल तर हा विषय अजून नाजूक होतो. आईला वेगळ्या खोलीत ठेवलं तेव्हा फोन हीच तिची सोबत होती, दिवसभर कुणाचा ना कुणाचा कॉल, आणि तिचा चार्जर मात्र बाहेरच्या खोलीत. म्हणजे फोन चार्जिंगला बाहेर येणार, मध्येच कुणी उचलणार, परत आत जाणार. पहिल्यांदा तो चार्जर आत नेला आणि ठरवलं की तिचा फोन त्या खोलीतून बाहेर येणारच नाही. बिल भरायला तिच्या फोनवरचा ओटीपी लागला तर ती कॉल करून मलाच सांगायची, रिपोर्ट पाठवायची, जेवताना आम्ही व्हिडिओ कॉल लावून बसायचो, फोन पुस्तकांना टेकवून ठेवायची म्हणजे सारखा हातात धरायला नको. "तू जेवलीस का" हे ती पलीकडच्या खोलीतून रोज विचारायची. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस एकटं खोलीत आहे त्यांना माझी हात जोडून विनंती, स्वच्छतेच्या नावाखाली त्यांचा फोन काढून घेऊ नका, उलट तो त्यांना सोपा करून द्या, अक्षरं मोठी करा, जवळच्यांचे नंबर वर आणून ठेवा.

ऑक्सिमीटरही तिच्याच खोलीत होता, रीडिंगचा फोटो काढून ती पाठवायची. हे यंत्र घरभर बोटाबोटांवर फिरतं आणि आतली मऊ गादी कुणी पुसत नाही. दुसऱ्याने वापरायचं असेल तर आधी अल्कोहोलच्या कापडाने आतून पुसा, बुडवू नका. नेलपॉलिश असेल किंवा बोटं गार असतील तर आकडा चुकीचा येतो, तेव्हा आधी हात चोळून गरम करा आणि मग बघा. तोंडात धरायचा थर्मामीटर शक्यतो ज्याचा त्याचा वेगळा.

इअरबड्स मात्र कुणालाही देऊ नका, सख्ख्या बहिणीलाही. सिलिकॉनच्या टोप्या निघतात त्या काढून धुवायच्या आणि वाळवायच्या, जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करायची, तिथे पाणी नको. घड्याळाचा पट्टाही विसरू नका, हात धुताना तो मनगटावर तसाच ओला राहतो आणि खाली घाम साचून पुरळ येतं, तेव्हा काढून ठेवायचं, पट्टा पुसायचा आणि मनगट कोरडं झाल्यावरच घालायचं.

राहिला लॅपटॉप. बंद करून, प्लग काढून, कीबोर्ड आणि टचपॅड ओलसर कापडाने पुसा, पण स्क्रीन काचेची नसेल, मॅट असेल, तर अल्कोहोल लावायच्या आधी कंपनीची सूचना वाचा, वरचा लेप जाऊन डाग पडू शकतात. एकच लॅपटॉप आईबाबांचं काम आणि दोन मुलांची शाळा असा फिरत असेल तर प्रत्येक वेळी कीबोर्ड पुसत बसण्यापेक्षा बसायच्या आधी आणि उठल्यावर हात धुवायचा नियम करा. मुलांना तो मोठ्यांपेक्षा लवकर जमतो, मग कीबोर्ड दिवसातून एकदा पुसला तरी चालतं.