सहाशे शब्दांत स्वतःची एक आठवण

नववीत असताना मॅडमनी सांगितलं, स्वतःची एक आठवण लिहून आणा, सहाशे शब्दांत, आत्मचरित्र नको. तोवर आम्ही नदीचं मनोगत लिहिलं होतं, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहिलं होतं, पण स्वतःबद्दल लिहायची वेळ पहिल्यांदाच आली आणि मला काही सुचेनाच. पंधरा वर्षांत असं घडलंय तरी काय सांगण्यासारखं, असं वाटत होतं.

मग पहिल्या ड्राफ्टमध्ये मी जन्मापासून सगळं कोंबलं, शाळा बदलली ते, धावण्यात नंबर आला ते, आजोबा गेले ते, प्रत्येकाला दोन-तीन ओळी. मॅडमनी वाचलं आणि फक्त एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. ओळ अशी होती की सातवीत माझ्या शेजारी बसणारा मित्र अडखळत बोलायचा आणि मी त्याला मदत करायचो. बाजूला लिहिलं होतं, "म्हणजे नेमकं काय करायचास?"

बाकी सगळं काढून टाकलं आणि त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलो.

काय करायचो तर त्याचे शब्द मी पूर्ण करायचो. तो एखाद्या अक्षरावर अडकला की ओठ घट्ट मिटायचे, मानेची शीर ताणायची, वर्ग एकदम शांत व्हायचा, आणि ती शांतता मला सहन व्हायची नाही म्हणून मी पुढचा शब्द बोलून मोकळा व्हायचो. हे लिहिताना पहिल्यांदा कळलं की "त्याला" नाही, "मला" सहन व्हायचं नाही. पहिल्या ड्राफ्टमधलं 'मदत' हा एक शब्द खोडायला मला पूर्ण संध्याकाळ लागली.

मग एक दिवस निवडला. सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं होतं, मोठेपणी काय करणार. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला पा..." आणि थांबला. मी म्हटलं, "पायलट." सर म्हणाले छान, पुढचा. तो खाली बसला आणि माझ्याकडे बघून हसला. मला हे सगळं स्वच्छ आठवतं, खिडकीजवळचा शेवटचा बाक, बाहेर पाऊस, त्याचं हसू. त्या हसण्यावर मी चांगल्या आठ ओळी लिहिल्या होत्या.

पण दुसऱ्याबद्दल लिहितोय तर त्याला दाखवायला हवं ना, म्हणून मधल्या सुट्टीत जिन्यात बसून त्याला वाचायला दिलं. त्याने सावकाश वाचलं आणि सांगितलं की तो हसला नव्हता, पाऊसही नव्हता, आम्ही दुसऱ्या बाकावर बसायचो. आणि त्याला पायलट म्हणायचंच नव्हतं. त्याला म्हणायचं होतं, पाणबुडी. पाणबुडीवर काम करायचं होतं त्याला. पुढे वर्षभर सगळे त्याला पायलट म्हणायचे आणि कोणी विचारलं तर तोही मान डोलवायचा कारण मग काही बोलावंच लागायचं नाही.

दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसलो होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

नंतर मी आठवणींबद्दल बरंच वाचलं. एक अभ्यास डोक्यात बसलाय. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, दुसऱ्या दिवशी सकाळीच उल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितलं वगैरे. अडीचेक वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना त्याने आणि निकोल हार्शने तेच परत विचारलं, तर ११ जणांचं सगळंच चुकलेलं, ७ पैकी शून्य गुण, आणि चुकलेल्या बऱ्याच जणांना आपलं बरोबरच आहे अशी पक्की खात्री. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातलं जुनं उत्तर दाखवलं तरी मूळची आठवण कोणाला परत आली नाही. माझं तर हस्ताक्षरही कुठे नव्हतं, फक्त तो होता. त्यामुळे आठवण लिहिणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन की त्या प्रसंगात जो दुसरा माणूस होता, तो भेटत असेल तर आधी त्याला विचारा. खोटं लिहायचं नसतं हे आपल्याला माहीत असतं, पण आपण खोटं लिहितोय हे आपल्याला कळतच नाही.

आणि मोठ्या माणसांमध्येही साधारण शंभरात एक जण अडखळत बोलतो, आणि त्यांच्यासोबत काम करणारे सगळे एकच सांगतात की शब्द पूर्ण करू नका, थांबा. म्हणजे मी जे करत होतो त्याच्या बरोबर उलटं.

ड्राफ्ट परत लिहायला घेतला तेव्हा अडचण ही होती की सातवीतल्या 'मी'ला यातलं काहीच माहीत नाही आणि लिहिणाऱ्या 'मी'ला सगळं माहीत आहे. सुरुवातीलाच पाणबुडी सांगून टाकली तर तो प्रसंग मेलाच असता. म्हणून मी आधी मला आठवतं तसं लिहिलं, हसू, पाऊस सगळं, आणि मग एक ओळ सोडून लिहिलं, तो म्हणतो की तो हसला नव्हता. संवाद फक्त दोन ठेवले, "मला पा..." आणि "पायलट", कारण तेवढ्यावरच आमचं दोघांचं एकमत होतं. शेवटी 'त्या दिवसापासून मी शिकलो की' असा परिच्छेद होता, तो काढला. त्या दिवशी मी काहीच शिकलो नव्हतो, मला तर छान वाटत होतं.

त्याच्या घरातल्या बोलण्याबद्दल एक वाक्य होतं, सगळ्या लेखात तेच सगळ्यात चांगलं जमलं होतं असं मला अजूनही वाटतं. तो म्हणाला ते नको. काढलं. वाईट वाटलं, पण ते वाक्य त्याचं होतं, माझं नव्हतं.

शेवटी चारशेच्या आसपास शब्द उरले. मॅडमना विचारलं अजून वाढवू का, त्या म्हणाल्या, आहे तेवढंच राहू दे.

हे इथे लिहू का म्हणूनही त्याला विचारलंय. लिही म्हणाला, फक्त पाणबुडी हा शब्द त्यात नक्की येऊ दे. हे सांगताना तो 'पा'वर बराच वेळ थांबला होता.