ब्याण्णव पीपीएम

गव्हाच्या दाण्यात लोह किती असतं, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ आहे. साध्या वाणात ३० ते ४० पीपीएम, म्हणजे किलोमागे तेवढे मिलिग्रॅम. पैदासकारांनी वर्षानुवर्षं खपून त्यात पाच-दहाची भर घातली तरी त्याचं कौतुक होतं. त्यामुळे त्या दिवशी आयसीपीच्या, म्हणजे नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ३५, ३८, ३६ अशी रांग सरकत असताना मध्येच ९२ उमटलं, तेव्हा माझ्याबरोबरचा पीएच.डी.चा विद्यार्थी खुर्चीतून उठलाच.

नमुना जनुक बदललेल्या गव्हाचा होता. या लाइनमध्ये, म्हणजे पैदाशीतल्या या वंशात, भाताचं एक जनुक घातलेलं आहे. त्यामुळे झाड निकोशियानामिन नावाचा छोटा रेणू जास्त तयार करतं. हा रेणू सगळ्याच वनस्पतींत असतो. लोह आणि जस्त यांना धरून झाडाच्या आत इकडून तिकडे पोचवणारा तो हमाल. हमाल वाढवले की दाण्यात माल जास्त पडेल, असा सगळा हिशोब. कुंड्यांमध्ये तो बऱ्यापैकी जमलेला होता. शेतात मात्र ही लाइन पहिल्यांदाच गेली होती, तीन प्लॉटमध्ये.

तिन्ही प्लॉटचे आकडे आले. ९२, ८७, ९५. ब्लँक (दाण्याविना नुसतं अ‍ॅसिड) स्वच्छ, स्टँडर्ड (आधीच माहीत असलेल्या प्रमाणाचा नमुना) जिथे हवा तिथे.

"सर, मॅडमना फोन लावू?" त्याचा हात खिशाकडे गेलेला होता. मॅडम म्हणजे आमच्या पैदासकार, ही लाइन त्यांची.

"लाव की. पण आधी अ‍ॅल्युमिनियमचा रकाना उघड."

रकाना उघडल्यावर दोघंही गप्प झालो. स्वच्छ गव्हाच्या दाण्यात अ‍ॅल्युमिनियम नावापुरतंच असतं, दोन-चार पीपीएम. इथे सत्तरच्या वर होतं. टायटॅनियम पाहिलं, तेही चढलेलं. टायटॅनियम वनस्पती जवळजवळ शोषतच नाही. ते दाण्याच्या आकड्यात दिसलं की समजायचं, नमुन्याबरोबर माती आलेली आहे.

किती माती? कागदावर मांडून पाहिलं. मातीत लोह साधारण चार टक्के धरलं तर एक ग्रॅम मातीत ४० मिलिग्रॅम लोह. म्हणजे किलोभर गव्हात जेमतेम दीड ग्रॅम माती मिसळली की ३६ चे ९२ होतात. दीड ग्रॅम म्हणजे डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. नमुना हातावर घेऊन पाहिला होता, तेव्हा सोन्यासारखा दिसला होता. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा कळलं: गव्हाच्या पोटाला जी खोल चीर असते, तिच्या तळाशी तपकिरी रेघ बसली होती. एकाच दाण्यात नाही, जवळपास प्रत्येकात.

मग प्रश्न असा की फक्त याच लाइनमध्ये का? शेजारच्या कंट्रोल प्लॉटचे, म्हणजे तुलनेसाठी लावलेल्या जनुक न बदललेल्या गव्हाचे, दाणे साफ होते. मळणी एकाच यंत्रावर, साठवण एकाच खोलीत. शेताची नोंदवही मागवली. कापणीच्या आधी पाऊस झाला होता आणि ही लाइन तिन्ही प्लॉटमध्ये आडवी झाली होती. तिचं काड कमकुवत, ताट उंच. ओंब्या मातीवर लोळल्या, चिखल उडाला, चिरेत वाळला. तीन-तीन प्लॉट कशाला लावतो आपण? योगायोगानं फसू नये म्हणून. इथे पीक तिन्ही ठिकाणी एकाच कारणानं लोळलं होतं, त्यामुळे तिन्ही प्लॉट एकमेकांची साक्ष देत राहिले. ही गोष्ट मला त्या ९२ पेक्षा जास्त अस्वस्थ करून गेली.

दाणे शुद्ध पाण्यानं धुतले, वाळवले, पुन्हा नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवले. दुपारनंतर नवे आकडे आले: ४५ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम तळाला. कंट्रोल ३६. विद्यार्थ्याचा चेहरा पडला. मला मात्र तो आकडा वाईट वाटला नाही, कारण नऊची वाढ खरी असेल तर ती पुष्कळ आहे. पण चिरेत काही उरलंच नसेल याची खात्री कोण देणार? म्हणून दोन्हींचा मैदा काढायचं ठरवलं. कोंडा आणि त्याखालचा अल्यूरॉनचा थर काढून टाकला की मातीची जागाच उरत नाही. काम कटकटीचं आहे. लहान गिरणी प्रत्येक नमुन्यानंतर साफ करावी लागते, आणि झिजलेलं पोलादी पातं स्वतःचं लोह पिठात सोडतं, म्हणून पोलादातल्या क्रोमियमवरही लक्ष ठेवायचं.

मैद्यात कंट्रोल ११ आणि आमची लाइन १७. अ‍ॅल्युमिनियम नाही, टायटॅनियम नाही, क्रोमियम नाही.

मॅडम तोवर स्वतःच खाली आल्या होत्या. "अहो, सकाळी ब्याण्णव म्हणत होता म्हणे?" त्यांच्या कानावर गेलंच होतं.

"सकाळी माती मोजत होतो, मॅडम. हे सतरा तुमच्या गव्हाचे."

त्या स्टुलावर बसल्या आणि आकडे बराच वेळ वाचत राहिल्या. पोषणाच्या बाजूनं हे सतरा जास्त मोलाचे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. अख्ख्या दाण्यातलं बरंचसं लोह अल्यूरॉनमध्ये असतं आणि तिथेच फायटेटही भरलेलं असतं. फायटेट लोहाला आतड्यात धरून ठेवतं, शरीराला सोडत नाही. दाण्याच्या गाभ्यात फायटेट कमी, म्हणून तिथलं लोह थोडं असलं तरी कामाला येण्याची शक्यता जास्त. शिवाय निकोशियानामिनशी बांधलेलं लोह चांगलं शोषलं जातं, असे पुरावे आतड्याच्या पेशींवरच्या चाचण्यांतून मिळालेले आहेत. आमच्या मैद्याची तशी चाचणी अजून व्हायची आहे.

विद्यार्थ्यानं कॅल्क्युलेटर काढला. रोज ३०० ग्रॅम मैदा पोटात गेला तर सहा पीपीएमच्या वाढीनं दिवसाला १.८ मिलिग्रॅम लोह जास्त. त्यातलं शरीरात शिरणार फार तर दहा टक्के, म्हणजे ०.१८. पाळी येणाऱ्या वयातल्या स्त्रीच्या शरीरात रोज साधारण दीड मिलिग्रॅम लोह पोचावं लागतं. "एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," मॅडम म्हणाल्या, "पण जेवणात काहीही न बदलता."

मला दोघांचंही पटलं. एका जनुकानं रक्तक्षय हटेल असं सांगणारे मला नेहमीच संशयास्पद वाटतात. जेवणात डाळी, भाज्या, क जीवनसत्त्वाचं एखादं फळ आलं तर त्याच लोहाचं शोषण वाढतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पण ज्यांच्या ताटात धान्याखेरीज फारसं काही येतच नाही, त्यांना "वेगवेगळं खा" हा सल्ला देणंही सोपंच.

मॅडमनी नोंदवहीतलं लोळलेल्या प्लॉटचं पान पुन्हा काढलं. काड असंच राहिलं तर ही लाइन कोणी शेतात लावणार नाही, हे त्यांना लोहापेक्षा जास्त खटकत होतं. गव्हाचं ताट बुटकं करणारी जनुकं नोरिन १० या जपानी वाणातून हरितक्रांतीच्या गव्हात आली. तीच आता इथे संकरानं आणायची, असं त्यांनी तिथेच ठरवलं. जाताना मला म्हणाल्या, "आणि यापुढे लोहाच्या प्रत्येक तक्त्यात टायटॅनियमचा रकाना हवा. मी मागितला नाही तरी."