‘रिव्हर्बरेट’मधली छडी

ठाण्यातल्या आपल्या शाळेच्या सभागृहात ज्याने एकदा तरी भाषण ऐकलंय, त्याला ‘रिव्हर्बरेट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ वेगळा शिकवायला नको. कोश मात्र ‘प्रतिध्वनी होणे’ लिहून मोकळे होतात आणि तिथेच घोळ होतो. येऊरच्या डोंगरात हाक मारली की ती सुटी, ओळखू येईल अशी परत येते. तो प्रतिध्वनी, इंग्रजीत ‘इको’. त्यासाठी समोरचा कडा निदान १७ मीटर दूर हवा, म्हणजे आवाज जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. सभागृहात असे शेकडो परतलेले आवाज एकमेकांत मिसळतात. याला आपला शब्द ‘घुमणे’.

मूळ लॅटिन. ‘व्हर्बेर’ म्हणजे चाबूक किंवा छडी (शाळेच्या स्मरणिकेत ती यायचीच!), ‘व्हर्बेरारे’ म्हणजे फटकावणे, ‘रे’ म्हणजे मागे. भिंत आवाजाला फटकावून परत पाठवते. क्रियापद या अर्थाच्या ‘व्हर्ब’शी याचा संबंध नाही, ते ‘व्हर्बुम’, म्हणजे ‘शब्द’, यावरून आलं. धातू वितळवायच्या ‘रिव्हर्बरेटरी’ भट्टीत मात्र तोच फटका आहे: तिथे छत ज्वाळेची धग खाली परतवतं. निर्णयाचे ‘पडसाद’ उमटतात तसा या शब्दालाही लाक्षणिक अर्थ आहे. ‘पडसाद’ आला संस्कृत ‘प्रतिशब्द’वरून, प्राकृत ‘पडिसद्द’मार्गे. त्यात मार नाही.

घुमण्याचं गणित हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५पासूनच्या प्रयोगांतून बसवलं: ०.१६१ गुणिले घनफळ (घनमीटरमध्ये), भागिले एकूण शोषण, की आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात. शोषणाचं त्यांचं माप होतं उघडी खिडकी, कारण तिथून गेलेला आवाज परतत नाही. समजा, हॉल २० बाय १० मीटर, उंची ५. गिलावा आणि फरशीचं शोषण जेमतेम २१ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं. रिकामा हॉल पावणेआठ सेकंद घुमेल. २०० मुलं बसली, दर मुलामागे ०.३ धरलं, तर २ सेकंद. १६ चौरस मीटर खिडक्या उघडल्या की १.७. भाषणाला १च्या आत हवं. पावसाळ्यात खिडक्या बंद, म्हणून जुलै-ऑगस्टमधले कार्यक्रम जास्त घुमतात.

यावर लोक माइकचा आवाज वाढवतात. त्याने फटकेही तेवढेच वाढतात, शब्द तसाच अस्पष्ट. भिंतीला थर्माकोल लावणंही फुकट. त्यातली छिद्रं बंद असतात, हवा आत शिरत नाही. जाड, चुणीदार पडदे भिंतीपासून दहा सेंटिमीटर सोडून लावावेत, तेही मागच्या भिंतीला आधी. पातळ पडदा फक्त शोभेचा.