आमच्याकडे तर बरोबर वाजतोय

दुकानात शिरल्या शिरल्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मुलासाठी बघताय का मॅडम? युकुलेले दाखवू?"

म्हटलं, बेस गिटार हवाय (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार), आणि मलाच हवाय. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे, आणि "दादा, जरा इकडे बघा" अशी मागे हाक मारली. दादा फोनवर होते. ते वीस मिनिटांनी आले. तिथेच पिशवी उचलून निघाले असते तर हा सगळा मजकूर लिहायची वेळ आली नसती, पण दुसरा बेस बघायला आणखी कुठे जाणार?

मी बँकेत आहे, वय ४४. कॉलेजात दोन वर्षं मित्राचा बेस वाजवला होता, त्यानंतर परीक्षा, बदल्या, संसार. यंदा आमच्या इमारतीतल्या लोकांनी कोजागिरीला गच्चीवर गाण्यांचा कार्यक्रम करायचं ठरवलं. कीबोर्ड होता, तबला होता, गिटारवाले तर दोन होते (गिटारवाले कुठल्याही इमारतीत दोन निघतातच). बेस नव्हता. मी हात वर केला आणि जूनच्या शेवटी साडेचोवीस हजारांचा बेस घेऊन घरी आले.

जाझ बेसच्या धाटणीचा होता. अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये पहिला प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९६० मध्ये जाझ बेस. जाझमध्ये दोन पिकअप (तारांची थरथर पकडणारी चुंबकं) असतात आणि प्रत्येकाला आवाजाचं वेगळं बटण. त्या दोन बटणांमध्येच माझा अर्धा जुलै गेला.

दुकानात दादांनी अंगठ्याने फटाफट तारा बडवून दाखवल्या होत्या. एसी चालू, बाहेर रिक्षांचे हॉर्न, दोन्ही बटणं पूर्ण उघडी. मस्तच वाटलं. घरी आल्यावर रात्री सगळं शांत झालं, तेव्हा ॲम्प (बेसचा स्पीकर) लावला, जाड आवाज हवा म्हणून मानेकडचा एकच पिकअप ठेवला, आणि बेसने आधी स्वतःचीच ओळख करून दिली. घूंऽऽऽ. मी काही वाजवलं नव्हतं. वाजवलं तर त्याच्या जोडीला सगळ्यात जाड तारेवर, पहिल्या चार-पाच फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर), खर्रर्र. कुणी पत्र्यावर खिळा ओढावा तसं.

म्हणजे दुखणी दोन होती. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. मी सगळीकडे "आवाज बरोबर येत नाही" एवढंच सांगत राहिले. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: "मॅडम काही आवाज ऐकू येत नाहीये." मीही लावून बघितला, खरंच येत नव्हता. बेसची जाड तार, ई, सेकंदाला ४१ वेळा थरथरते. एवढा खालचा सूर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून निघतच नाही. आपल्याला वरचे उपस्वर ऐकू येतात आणि खालचा सूर मेंदू आपल्या पदरचा घालतो. आणि ती घूं? मोबाइल तिला पंख्याबिंख्याचा गोंगाट समजून परस्पर पुसून टाकतो. तक्रारीचा पुरावाच तक्रार गिळून बसला होता.

मग शनिवारी बेस पाठीवर टाकून, स्कूटरवर, पावसात, दुकानात. दादांनी केबल जोडली, दोन्ही बटणं पूर्ण उघडली, फटाफट बडवलं आणि ते वाक्य म्हणाले. पुढच्या सहा आठवड्यांत मी ते पाच वेळा ऐकलं.

"आमच्याकडे तर बरोबर वाजतोय."

"घरी येतो हो आवाज."

"मग घराचं बघा."

हे बोलणं मला इतकं लागलं की मी खरंच घराचं बघितलं. आमची इमारत चाळीस वर्षांची. इलेक्ट्रिशियन काका आले, त्यांनी प्लगच्या फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहिला. पेटलाच नाही. तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. कुणीतरी शोभेला बसवलं होतं. "ताई, गिटार राहू दे, तुमचा गीझर कुठल्या बोर्डावर आहे?" असं त्यांनी विचारलं तेव्हा घाम फुटला. दोन दिवस लागले, खर्च बेसच्या पिशवीपेक्षा जास्त. पण घूं निम्म्याहून कमी झाली. दुकानदार बरोबर होता, हे इथे लिहिताना आजही बोटं अडखळतात.

निम्म्याहून कमी झाली, गेली नाही. आणि खरखर तर होती तशीच.

तिसरी फेरी. या वेळी शहाणपणाने एकच तक्रार सांगितली: जाड तार खरखरते. मुलगा म्हणाला, "थोडा बझ असतोच मॅडम, ते बेसचं कॅरेक्टर आहे." मी हलले नाही, तेव्हा "सेटअप करून देतो, आठशे रुपये" झालं. चार दिवस बेस तिकडे. परत आला तेव्हा खरखर गेली होती, आणि वाजवणंही गेलं होतं. त्यांनी ब्रिजवरचे (तारा खाली जिथे टेकतात त्या धातूच्या पट्टीवरचे) स्क्रू पिळून तारा सरळ उचलून ठेवल्या होत्या. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून बघितली. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार आधी अडीच मिलिमीटर उंच होती, आता चारच्याही वर. बोट दाबायला पहिलवान हवा.

इथे माझी आई या प्रकरणात आली. आई ७१ वर्षांची, लग्नाआधी गाणं शिकलेली. घरात तिचा मिरजेचा तंबोरा आहे, आणि रोज सकाळी तो लावल्याशिवाय तिचा चहा होत नाही. बेसला ती "तुझं ते गुरगुरणं" म्हणते. मी मोकळी तार वाजवली, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवली, आणि ती स्वयंपाकघरातून ओरडली, "वरचा सा चढतोय!"

ट्यूनर लावला. चढत होता. तार उंच असली की ती दाबताना ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. आठशे रुपये घेऊन त्यांनी एक दोष काढून दोन घातले होते, आणि ते एका बाईच्या कानाला भाजी परतता परतता कळलं.

मी तिला "बझ असतोच" हे कॅरेक्टर पुराण सांगितलं. ती म्हणाली, "असतो ना. आमच्याकडे त्याला जवारी म्हणतात. पण जवारी काढावी लागते, आपोआप निघत नाही." मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी (म्हणजे त्याचा ब्रिज) कानस लावून लावून अशा उताराची करतात, की तार तिला चाटून जाते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी सूर फुलतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या असल्या केसभर कामाचं. आईचा तंबोरा एकदा बिघडला होता, तेव्हा मिरजेच्या कारागिराने आधी तिलाच गायला बसवलं होतं, मग कानस हातात घेतली. माझा बेस वाजवून दाखवा, असं त्या दुकानात मला एकदाही कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी स्वतःच वाजवला.

त्या रात्री मी नीट बसले. काय काय केल्यावर घूं बदलते? तारांना हात लावला, काही फरक नाही. केबल जिथे खुपसतो त्या जॅकच्या धातूला बोट लावलं, आणि घूं एकदम खाली बसली. बोट काढलं, परत वर. दहा वेळा करून पाहिलं. आपलं अंग म्हणजे हवेतला विजेचा गोंगाट पकडणारा ॲन्टेनाच. म्हणून बेसमध्ये ब्रिजखालून एक वायर जाऊन आतल्या अर्थिंगला जोडलेली असते. वाजवणाऱ्याचा हात तारांवर असतो, तारा ब्रिजवर, त्यामुळे वाजवणाराही अर्थला जोडला जातो. माझ्या बेसमध्ये तारांना हात लावून काही होत नव्हतं, जॅकला लावून होत होतं. म्हणजे ब्रिजची वायर कुठेतरी तुटली किंवा निसटली होती. आवाज बरोबर येत नाही या वाक्याऐवजी आता माझ्याकडे खरी तक्रार होती.

हे मी चौथ्या फेरीत जवळपास शब्दशः सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, उघडलं तर वॉरंटी जाईल."

"मी उघडत नाहीये, तुम्ही उघडा."

"आम्ही उघडलं तरी कंपनीला पाठवावं लागेल. दीड-दोन महिने धरा. आणि आमच्याकडे तर..."

पुढचं तुम्हाला पाठ झालंच आहे. बिल पुढे केलं तर त्याच्या तळाशी छापलेलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, त्याच पुण्यात हे वाक्य अजून निवांतपणे बिलावर बसलेलं असतं. बँकेत दिवसभर लोकांच्या तक्रारी घेणारी मी, स्वतःची तक्रार करायला मात्र महिनाभर लाजत होते. कायदा वाचला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २ मधलं ४७वं पोटकलम: सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझ्या बिलावर मुदत नव्हती. आणि ३० दिवसांच्या आत तक्रार केल्याचा पुरावा? तो मुका व्हिडिओ! आवाज नव्हता त्यात, पण तारीख होती, आणि खाली दुकानाचं उत्तरही.

१९१५ वर फोन लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, बेस म्हणजे काय हे एकदा विचारलं, बिलाचा फोटो आणि संदेशांचे फोटो चढवायला सांगितले, तक्रार क्रमांक दिला. त्याचबरोबर मी दुकानाला एक पानी पत्र दिलं, रजिस्टर पोस्टाने. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. तारखा, रक्कम, तारांना हात लावल्यावर काय होतं, जॅकला लावल्यावर काय होतं, आणि शेवटी एवढंच की दुरुस्त करा किंवा पैसे परत करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, हेही लिहिलं. ही ओळ बहुतेक लागू पडली.

आठव्या दिवशी फोन. दादा स्वतः. "अहो मॅडम, तक्रार कशाला केलीत, आपण घरचीच माणसं. या ना शनिवारी."

शनिवारी मला पहिल्यांदाच काउंटरच्या मागे नेलं. लाकडी जिना, वर पोटमाळा, ट्यूबलाइटखाली एक साठीचे गृहस्थ, समोर उघडी पडलेली हार्मोनियम. हेच दुकानाचे दुरुस्तीवाले. गेली कित्येक वर्षं इथेच बसतात, आणि मला त्यांचं अस्तित्वसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बेस घेतला नाही. म्हणाले, "तुम्ही वाजवा."

मी वाजवलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, जॅकला बोट लावून पाहिलं, आणि ब्रिजचे स्क्रू काढले. खाली वायर होती, पण तिचं टोक लाकडावरच्या पॉलिशच्या थरात बसलेलं, धातूला टेकतच नव्हतं. त्यांनी चाकूने खरवडलं, टोक पसरून परत दाबलं, स्क्रू कसले. घूं गेली. मग मानेच्या टोकाला ॲलन की घालून ट्रस रॉड, म्हणजे मानेतली धातूची सळई, पाव फेरा सैल केला. पावसाळी हवेत लाकूड फुगून मान ताठ झाली होती, म्हणून सुरुवातीच्या फ्रेटवर तार घासत होती. तारा उचलणं हे त्याचं औषधच नव्हे. तारा खाली आणल्या, ब्रिजवरचे सॅडल (तारांच्या टेकण्या) मागे सरकवून बारावा फ्रेट सुरात आणला. एकूण पाऊण तास, त्यातली वायर दहा मिनिटांची.

"आणि एकच पिकअप ठेवला की थोडी घूं येणार," ते म्हणाले. "दोन्ही पिकअपच्या कॉइल उलट-सुलट गुंडाळलेल्या असतात, चुंबकंही उलटी. दोन्ही बटणं सारखी ठेवली की एकीची घूं दुसरीत वजा होते." हे एक वाक्य जूनमध्ये काउंटरवर कुणी म्हणालं असतं तर! पण काउंटरवरच्या मुलाला ते माहीतच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना जिना उतरायची परवानगी नसावी.

खाली येऊन मी सेटअपचे आठशे मागितले. रोख मिळणार नाही, तेवढ्याच्या वस्तू घ्या, असं ठरलं. आणखी भांडायची ताकद नव्हती. वर हजार घालून तारांचा नवा सेट घेतला आणि हेल्पलाइनवर तक्रार मिटल्याचं कळवलं.

तो सेट मी वेंधळ्यासारखा कोजागिरीच्या आदल्या दिवशी चढवला (नव्या तारा बसेपर्यंत उतरत राहतात). कार्यक्रम बरा झाला. साउंडवाल्याने तिसऱ्याच मिनिटाला "ताई, बेस घुमतोय, कमी करतो" म्हणून आवाज इतका उतरवला की मलाच मी ऐकू येईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, छान वाजवलंस हो, पण तुझी ती गिटार नेमकी कुठली होती?

आई पहिल्या रांगेत होती, मसाला दूध घेऊन. घरी जाताना जिन्यात म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात तुझी दुसरी तार उतरली होती."